दर कॉलमागे

त्या ओळीवर नजर पडली तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही. बऱ्याच वेळाने प्यायलो तेव्हा चहा पार गार झाला होता. ओळ तशी साधीच. 'पाणीपुरवठा चौकशी कक्ष (दूरध्वनी). वर्षभरात आलेले कॉल : २९१.' पुढे 'दर कॉलमागे खर्च' आणि त्याच्यापुढे लाल चौकटीत एक आकडा. तेवढ्या पैशात दोन माणसं चांगल्या हॉटेलात पोटभर जेवून वर टॅक्सीने घरी गेली असती. आमच्या यंत्रणेत लाल चौकटीचा अर्थ असा, की लोकहो, इथे बघा, इथे तुमचा पैसा वाया जातोय. ती चौकट माझीच. आमच्याकडे पडद्यावरचे रंग आणि आकार ठरवणारी एक मुलगी आहे, तिला आम्ही रंगारी म्हणतो. तिने दोन वर्षांपूर्वी तिथे मातकट केशरी रंग सुचवला होता. मी म्हणालो होतो, छे, लाल म्हणजे लाल, बघणाऱ्याच्या डोळ्यात गेला पाहिजे. आज तो माझ्याच डोळ्यात गेला, कारण त्या दोनशे एक्याण्णव कॉलपैकी निदान दोनशे ऐंशी माझे होते.

मी हे असं आकड्यांत सांगतो याबद्दल माफ करा, पण मला दुसरी भाषा फारशी येत नाही. टायरच्या दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, तिथे आमची संस्था चालते. उन्हं वर आली की खालचा रबराचा वास जिन्याने वर येतो आणि दुपारपर्यंत कपड्यांत बसतो. माणसं आम्ही तीन. तिसऱ्या हेडबाई. त्या तीस वर्षं सरकारी हिशेब तपासून निवृत्त झालेल्या, आणि शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारख्या चष्म्यावरून बघतात म्हणून हेडबाई. त्यांना हे नाव माहीत आहे आणि आवडतं. नगरपालिका जे जे खर्च करते ते सगळं आम्ही तिच्याकडून मागून घेतो आणि कोणालाही घरबसल्या बघता येईल असं इंटरनेटवर मांडतो. कुठला रस्ता, कुठला दिवा, कुठल्या बागेतलं कुठलं बाक. पूर्वी नुसत्या रकमा दाखवायचो तेव्हा लोक यायचे आणि जांभया देऊन जायचे. मग मला सुचलं की रकमेला भागायचं. वाचनालयाचा खर्च भागिले नेलेली पुस्तकं, दवाखान्याचा खर्च भागिले रुग्ण. मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला आणि एकदम सगळ्या ओळी बोलायला लागल्या. वर्तमानपत्रात दोनदा आमच्याबद्दल छापून आलं. त्यातल्या एका कात्रणाला रंगारीने चौकट करून ती भिंतीवर लावली, आणि मी येताजाता तिच्याकडे न बघितल्यासारखं करून बघायचो.

अण्णा गेले त्याला तेव्हा दीड वर्ष होत होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. शेवटची नऊ वर्षं आम्ही दोघंच घरात राहत होतो. त्याआधी माझं लग्न झालं होतं, ते अकरा महिने टिकलं, आणि त्या अकरा महिन्यांबद्दल आता मला मुख्य आठवतो तो दोन चपलांच्या जोड्यांचा दारातला पसारा. अण्णांना पाण्याचं भारी वेड. पाणी सकाळी यायचं, ठरावीक वेळी, पण अण्णांचा ठरावीक गोष्टींवर विश्वास नव्हता. रोज संध्याकाळी ते पालिकेच्या चौकशी क्रमांकावर फोन करून उद्याची वेळ विचारायचे, ती कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायचे आणि वर तिकडच्या बाईशी दाबावरून, गढूळपणावरून, व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाच्या आळसावरून हुज्जत घालायचे. मी लहान होतो तेव्हा ते मला पहाटे उठवून नळाला कान लावून उभं करायचे. पाणी येण्याआधी नळातून हवा येते. आधी लांबून कोणीतरी श्वास सोडल्यासारखी, मग घशात खाकरल्यासारखी, मग पाणी. ती हवा ओळखायची आणि बादल्या लावा म्हणून ओरडायचं, हे माझं काम. कानाला लोखंड गार लागायचं. घरातलं दुसरं कुठलंच काम मला त्यांनी इतक्या विश्वासाने दिलं नाही. ते गेल्यावर आठवडाभराने, बहीण आपल्या गावी परतली त्या दिवशी, मी कॅलेंडरच्या चौकोनाकडे बघत उभा होतो. चौकोन रिकामा होता. मी फोन लावला. पलीकडून बाईचा आवाज आला, "चौकशी कक्ष." मी विचारलं, उद्या पाणी किती वाजता. ती म्हणाली, सहा ते साडेसात. मग म्हणाली, या नंबरवरून दुसरे गृहस्थ बोलायचे, ते बरे आहेत ना? मी सांगितलं. ती म्हणाली, "अरेरे. फार भांडायचे हो. चुकल्यासारखं होत होतं आठवडाभर."

अण्णांच्या मागे आठवडाभर चुकल्यासारखं झालेलं जगात आणखी एक माणूस आहे, हे ऐकून मी तिथे स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रडलो. बहिणीसमोर रडलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, या वेळी ऑफिसमधून आणि माझ्या मोबाइलवरून, आणि पुढे तीच सवय झाली. पाच चाळीसला मी जिन्यात जायचो. टायरच्या दुकानातलं हवा भरायचं यंत्र तेवढ्यात बंद झालेलं असायचं आणि जिना शांत असायचा. उद्या पाणी किती वाजता? सहा ते साडेसात. कधी ती म्हणायची, दाब कमी राहील. कधी म्हणायची, घसा बसलाय वाटतं, गरम पाण्याच्या गुळण्या करा. कधी मी विचारायचो, व्हॉल्व्हवाला सुधारला का? ती म्हणायची, तो या जन्मी सुधारत नाही. सगळं मिळून पाऊण मिनिट. नाव मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पाण्याची वेळ त्या दीड वर्षात एकदाही बदलली नाही. तिलाही माहीत होतं की मला वेळ माहीत आहे, आणि मला माहीत होतं की तिला ते माहीत आहे, आणि तरी दोघंही गंभीरपणे ते एकमेकांना विचारत आणि सांगत होतो. रंगारी दिवसभर कानात गाणी घालून बसते. हेडबाई कामापुरतं बोलतात. बहिणीचा रविवारी फोन येतो, ती जेवलास का विचारते आणि मी उत्तर देईपर्यंत स्वतःच्या सासूवर गेलेली असते. घरी मी कुलूप उघडल्यापासून सकाळी पुन्हा लावेपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. एकदा सुट्टी जोडून आली तेव्हा तीन दिवसांनी दूधवाल्याला हाक मारायला गेलो आणि आवाजच निघाला नाही, नळासारखी नुसती हवा आली. तेव्हा मी घाबरलो होतो. पण पाच चाळीस आहे तोवर आपलं बरं चाललंय, असं मी धरून चाललो होतो.

आणि आता ते पाच चाळीस लाल चौकटीत होतं. मी दिवसभर त्या ओळीभोवती घोटाळत राहिलो. मनात आलं ते सगळं शहाणपणाचं नव्हतं. एक म्हणजे मला त्या उरलेल्या अकरा कॉलचा राग आला. कोण होते हे अकरा? त्यांनाही ती गुळण्या करा म्हणाली असेल का? दुसरं म्हणजे मला वाटलं की ओळ काढून टाकावी. पण ते शक्य नव्हतं. हेडबाईंचा नियम होता की कुठल्याही ओळीला हाताने शिवायचं नाही; शिवलंच तर कोणी, कधी, काय बदललं हे खाली सगळ्या जगाला दिसतं. हा नियम अमलात आणणारा भागही मीच लिहिला होता, आणि तो इतका चोख लिहिला होता की पळवाट काढायची तर मलाच दुसरा कोणी हुशार माणूस शोधावा लागला असता. तिसरं मनात आलं ते शेवटी मी केलं, आणि तेच अंगाशी आलं. आमची पद्धत अशी, की यादी लोकांपुढे जायच्या आधी लाल ओळी त्या त्या खात्याकडे जातात आणि खात्याला म्हणणं मांडायला पंधरा दिवस मिळतात. गेल्या वर्षाचा आकडा तर आता बदलणार नव्हता. पण त्याच्या शेजारी चालू तिमाहीचा आकडाही दिसतो. मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. पंधरा दिवसांत कॉल वाढले, तर दर कॉलमागे खर्च उतरेल. रोज बारा झाले तर चौकट लालची पिवळी होईल. आकड्यांच्या धंद्यातला माणूस आकड्यांनीच संकटातून सुटायला बघतो, त्याला दुसरं काही दिसतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला पहिला फोन केला. मग बाराला रंगारीच्या मोबाइलवरून, माझी बॅटरी गेली म्हणून सांगून. दोनला टायरवाल्याच्या दुकानातून, थोडा घोगरा आवाज काढून, पाणी गढूळ येतंय अशी तक्रार केली. चारला समोरच्या औषधाच्या दुकानातून, हळू आणि म्हातारा बोललो. प्रत्येक वेळी तिने शांतपणे उत्तर दिलं. म्हाताऱ्याला तिने काळजीही घ्यायला सांगितली. मला माझीच गंमत वाटायला लागली. शाळेत एकदा नाटकात पहारेकरी झालो होतो, त्यानंतर हा पहिलाच अभिनय. आठवड्याभरात मी दुकानं पालथी घातली. न्हावी, झेरॉक्सवाला, छत्रीदुरुस्तीवाला, सगळ्यांकडून एकेक फोन. लोक देतात हो फोन, पाण्याची चौकशी म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. आणि त्या निमित्ताने न्हाव्याशी पाच मिनिटं बोलणं झालं, छत्रीवाल्याच्या मुलीच्या लग्नाचं कळलं. त्या दिवसांत मी वर्षभरात बोललो नसेन इतका माणसांशी बोललो, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही, कारण माझं सगळं लक्ष कॉलच्या संख्येकडे होतं. नवव्या दिवशी सकाळी मी झेरॉक्सवाल्याच्या फोनवरून जरा अनुनासिक आवाजात विचारलं, उद्या पाणी कधी? ती म्हणाली, "सहालाच आहे. तुम्ही बरे आहात ना?" मी घाईने फोन ठेवला. पाच चाळीसला माझ्या खऱ्या आवाजात फोन केला तेव्हा तिने नेहमीसारखं सहा ते साडेसात सांगितलं, मीही व्हॉल्व्हवाल्याचं विचारलं.

खात्याचं उत्तर बाराव्याच दिवशी आलं. दोन पानांचं पत्र आणि मागे त्या तिमाहीच्या कॉल नोंदवहीच्या प्रती. ते हेडबाईंच्या टेबलावर आलं आणि त्यांनी न वाचता माझ्याकडे सरकवलं. नोंदवही हाताने आखलेली होती. तारीख, वेळ, विषय, शेरा. मी तिचं अक्षर पहिल्यांदा बघितलं. बारीक, उभं, ओळ न सोडणारं. पहिल्या पानांवर रोज एक नोंद, ५.४०, पाण्याची वेळ, आणि शेऱ्याचा रकाना मोकळा. मग आमची यादी पालिकेत पोचल्याची तारीख, आणि तिथून पुढे नोंदी दाट झाल्या. १०.१५, पाण्याची वेळ, शेरा : तेच गृहस्थ. १२.०५, तेच गृहस्थ, वेगळा नंबर. २.१०, गढूळ पाणी, तेच गृहस्थ, आवाज बदलून. ४.००, तेच गृहस्थ, वृद्ध आवाज. पानामागून पान, खाली खाली, तेच गृहस्थ, तेच गृहस्थ. माझे कान तापले. पत्रात उपअभियंत्यांनी लिहिलं होतं की कॉलची संख्या अचानक वाढल्यामुळे संबंधित कर्मचाऱ्यास कारण नोंदवण्यास सांगण्यात आले असता, सर्व कॉल एकाच व्यक्तीचे असल्याचे निदर्शनास आले. मी जर मुकाट रोजच्यासारखा एकच फोन केला असता, तर दोनशे एक्याण्णव कॉल हे दोनशे एक्याण्णव नागरिक म्हणून खपून गेले असते. कोणी विचारलंही नसतं. तिलाही लिहावं लागलं नसतं. मी माझ्या हाताने माझ्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली होती, आणि तीही पंधरा वेगवेगळ्या दुकानांतून. पत्राचा शेवट असा होता : 'सबब सदर कक्ष बंद करण्यात येत आहे. सदर व्यक्तीस पाण्याची वेळ आधीपासून ज्ञात असल्याचे दिसून येते. बाधित नागरिक : शून्य.'

ते शून्य मी कितीतरी वेळ बघत बसलो. त्यात उपअभियंत्यांचं काही चुकलं होतं असं नाही. ज्याला उत्तर माहीत आहे त्याची उत्तर न मिळाल्याने काय गैरसोय होणार? मी स्वतः ते पत्र लिहिलं असतं तर मीही तसंच लिहिलं असतं. तीन दिवस मी फोन केला नाही. लाज वाटत होती. पाच चाळीसला हात खिशाकडे जायचा, मी तो टेबलावर आणून ठेवायचो. घरी आल्यावर रेडिओ लावायचो आणि बातम्या देणाऱ्याला मध्येच काहीतरी उत्तर द्यायचो, म्हणजे आवाज गंजायला नको. मला एक बटण माहीत होतं. खात्याचं म्हणणं आमच्याकडे प्रसिद्ध झालं की सात दिवस कोणालाही त्यावर हरकत घेता येते. पडद्यावर 'माझी हरकत' असं एक बटण असतं. एक जरी हरकत आली तरी निर्णय तीन महिने थांबतो आणि फेरतपासणी होते. ही अट पालिकेबरोबरच्या करारात मी घातली होती, फुशारकीने, एका माणसाचंही ऐकलं पाहिजे असं म्हणून. पालिकेने ती मान्य केली कारण बटण कोणी दाबत नाही हे त्यांना अनुभवाने माहीत असावं. दोन वर्षांत ते एकदाच दाबलं गेलं होतं, चालतं का बघायला, माझ्याकडून. आता मी ते खरोखर दाबणार होतो. संस्थेतला माणूस म्हणून नव्हे, नळाचं पाणी भरणारा माणूस म्हणून. बाधित नागरिक एक, तो मी. तीन महिने मिळाले असते. तीन महिन्यांनी पुन्हा दाबलं असतं. दाबण्याआधी तिला एकदा सांगावं, घाबरू नका, मी आहे, असं म्हणावं, एवढ्यासाठी चौथ्या दिवशी दुपारी मी पालिकेत गेलो. पायी वीस मिनिटांचं अंतर. दीड वर्षात मी कधी गेलो नव्हतो.

माझ्या डोक्यात तिची खोली अशी होती : वरचा मजला, मोठी खिडकी, खिडकीत कुंडी, आणि ती साधारण माझ्या वयाची. खोली तळमजल्याच्याही खाली निघाली. मागच्या जिन्याखाली, बंद पडलेल्या पंपघराला लागून. खिडकी नव्हती. नळीचा पांढरा दिवा, लोखंडी टेबल, टेबलावर काळा फोन, नोंदवही, थर्मास, आणि समोर भिंत. भिंतीवर ओल चढली होती आणि कोणीतरी, बहुधा तिनेच, त्या ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारखा घातल्या होत्या, ओल दर महिन्याला किती पुढे सरकली ते बघायला. ती माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी होती, पिकलेले केस घट्ट बांधलेले, अंगावर दोन स्वेटर. एका खोक्यात ती कागद भरत होती. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, चौकशी कक्ष हाच का? तिने मान वर केली आणि हातातला कागद खोक्यात न टाकता तसाच धरला.

"तुम्ही पाच चाळीसवाले ना," ती म्हणाली. "या, बसा. तीन दिवस फोन नाही. मला वाटलं आजारी पडलात की काय. मला तर तुमचा नंबर लावायची परवानगी नाही."

मी बसलो. खुर्ची एकच होती, ती तिने मला दिली आणि स्वतः खोक्यावर टेकली. थर्मासच्या झाकणात तिने मला चहा दिला. मी त्या वेगवेगळ्या आवाजांबद्दल माफी मागितली. ती हसली, म्हातारा छान जमला होता म्हणाली, पण न्हाव्याकडून बोलताना मागे कात्रीचा आवाज येत होता. त्यांनी लिहायलाच सांगितलं, मग खोटं कसं लिहिणार, असंही म्हणाली. मी त्या अकरा कॉलबद्दल विचारलं. राँग नंबर, ती म्हणाली, बहुतेक सगळे दवाखान्यासाठीचे. मला त्याचा इतका आनंद झाला की मी तो चहा पिण्यात लपवला. आता सांगायचं, असं मी ठरवलं. मी हे थांबवू शकतो. वाक्य तोंडात तयार होतं. पण ती आधी बोलली.

"सोमवारपासून मी जन्मनोंदणीच्या खिडकीवर," ती म्हणाली. "समोरच्या इमारतीत. दिवसभर रांग असते तिथे. पोरं रडत असतात, आया दमलेल्या असतात, लोक भांडत असतात. मला गोंगाट हवाय हो. चार वर्षं मी या भिंतीकडे बघत बसलेय. बदलीसाठी सहा अर्ज केले. दर वेळी तोच शेरा यायचा, कक्षास दररोज कॉल येत असल्याने बदली शक्य नाही."

दररोज कॉल. मला ते लगेच कळलं, आणि कळूनही मी थोडा वेळ न कळल्यासारखा झाकणातल्या चहाकडे बघत राहिलो. मग कानकोंडा होऊन विचारलं, मला कधी बोलला का नाहीत? ती स्वेटरची बाही ओढत राहिली.

"काय बोलणार? फोन करू नका म्हणून सांगणार? तुमचा हक्क आहे तो. आणि खरं सांगू, पाच वाजून गेले की मलाही वाटायचं, आता येईल. एकट्या माणसाचा आवाज कळतो. पण तुमचा फोन पाऊण मिनिटाचा, आणि माझे इथले तास आठ."

मग तिने, मी तिथून उठावं म्हणून नव्हे, मन भरून आलं म्हणून, सांगितलं की कुठल्याशा संस्थेने संगणकावर हा कक्ष लाल करून दाखवला म्हणे, त्यामुळे साहेबांचे डोळे उघडले. कोण लोक आहेत माहीत नाही, देव त्यांचं भलं करो. फक्त आता सात दिवसांची मुदत आहे, कोणी हरकत घेतली नाही म्हणजे मिळवली. तुमची मात्र पंचाईत होणार, ती म्हणाली, मला तीच काळजी लागून राहिली होती. मी म्हणालो, छे हो, माझी कसली पंचाईत, बहीण येऊन राहणार आहे, तिची मुलं असणार, मला कुठला वेळ. हे सगळं खोटं मी माझ्या खऱ्या आवाजात बोललो आणि तिला ते ओळखता आलं नाही, किंवा तिने ओळखू दिलं नाही. निघताना मी तिला खोकं टेबलावर चढवून दिलं. बाहेर उजेड इतका होता की डोळे मिटावे लागले. समोरच्या इमारतीच्या पायऱ्यांवर खरंच रांग होती आणि दोन मुलं एकदम रडत होती. मी थोडा वेळ त्या रांगेच्या शेवटी उभा राहिलो. मग मागे एक बाई येऊन उभी राहिली, आणि मला तिथून निघावं लागलं.

मला तिचा राग आला, हेही सांगून टाकतो. रस्ताभर आला. दीड वर्ष मी ज्या पाऊण मिनिटाच्या आधाराने जगलो, ते तिच्या पायातलं लोढणं होतं, आणि तिने ते कधी कळू दिलं नाही. हा चांगुलपणा होता म्हणून तर आणखी राग आला. मग रागही संपला. उरलं ते एवढंच, की अण्णांचं चुकल्यासारखं झालं म्हणणारी बाई त्या वेळीसुद्धा त्या भिंतीसमोर दोन स्वेटर घालून बसलेली होती, आणि मी तिला खिडकी आणि कुंडी देऊन मोकळा झालो होतो. आयुष्यभर मी लोकांना सगळं दिसावं म्हणून धडपडलो. वीस मिनिटांवरची एक खोली मला बघावीशी वाटली नव्हती.

सातव्या दिवशी ओळ आमच्या पडद्यावर होती. कक्ष बंद, बाधित नागरिक शून्य, खाली ते बटण, आणि मुदत सहा वाजेपर्यंत. रंगारी पाचलाच गेली. खालचं हवा भरायचं यंत्र बंद झालं. मी बटणावर माऊसचा बाण नेऊन ठेवला. तो तिथे नेला की बाणाचा पंजा होतो, तशी व्यवस्था असते. एकदा दाबलं असतं तर ती सोमवारी पुन्हा त्या खोलीत गेली असती, आणि पाच चाळीसला फोन उचलून माझ्याशी बोलली असती, रागावलीही नसती. मी हात मांडीवर ठेवला. सहाला पाच कमी असताना तो पुन्हा वर आला, मी पुन्हा खाली ठेवला. बरोबर सहाला बटण करडं झालं आणि पंजाचा परत बाण झाला. पलीकडच्या खोलीतून हेडबाईंनी दिवे मालवता मालवता विचारलं, त्या चौकशी कक्षावर आली का कोणाची हरकत?

"नाही," मी म्हणालो. "कोणाचीच नाही."